बाक, भोपळा आणि घण

वाद्यवृंदात वाद्य नसलेली एखादी वस्तू वाजू लागली की रसिकांच्या ओठांवर आधी हसू उमटते. कुणी फणीवर नख ओढतो, कुणी काचेवर चमचा मारतो, आणि टाळ्या पडतात. परंतु टाळ्या ओसरल्यावर एक प्रश्न उरतोच. तो आवाज तिथे नवल म्हणून आला, की त्याच्यावाचून गाणे अपुरे राहिले असते म्हणून?

हिंदी चित्रपटसंगीतात अशी नवले राहुलदेव बर्मन यांनी पुष्कळ केली. ‘यादों की बारात’ (१९७३) मधल्या गाण्यात काचेचा किणकिणाट आहे. तो फार गोड आहे खरा; पण ते दाराला लावलेले तोरण आहे. तोरण उतरवले तरी घर उभे राहते. ‘किताब’ची (१९७७) गोष्ट निराळी. गुलजारांच्या या चित्रपटात मुले मास्तरांच्या चिठ्ठीचे गाणे गातात, आणि त्याचा ठेका धरण्यासाठी बर्मन यांनी शाळेचे बाकच ध्वनिमुद्रणाला आणवले. तबल्यावर तोच ताल अधिक सफाईने वाजला असता. पण त्या सफाईनेच तो खोटा ठरला असता. मास्तरांची पाठ वळताच बाकांवर जो धडधडाट सुरू होतो, तो आम्ही शिक्षक मंडळी व्हरांड्यातूनही ओळखतो. तळव्याचा जोर, बोटांची घाई आणि छडीची धास्ती, तिन्ही त्यात असतात. इथे बाक काढून घेतला तर गाण्यातली शाळाच सुटते.

हे उमजायला आम्हां नंदुरबारकरांना मुंबईपर्यंत जाण्याचे कारण नाही. अक्कलकुवा तालुक्यातील काठीची होळी ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी नवस फेडणारे बावे पाहिले असतील. कमरेला वाळके भोपळे नि घुंगरू बांधून ते ढोलाच्या घाईवर नाचतात. तो खडखडाट कुणी वेगळा बसून वाजवीत नाही. पाऊल पडते तेव्हाच तो उठतो. नाचणारा थकला की आवाजही थकतो. त्या नादाला अंग आहे, आणि त्या अंगामागे व्रत आहे.

परदेशातही थोरांनी हे जाणले होते. गुस्ताव माहलर यांची सहावी सिंफनी १९०६ साली एसेन येथे प्रथम वाजली. तिच्या अखेरच्या भागात लाकडी घणाचे घाव आहेत. धातूचा नव्हे, कुऱ्हाडीसारखा बोथट आवाज त्यांना हवा होता. घाव आधी तीन होते. पुढे तिसरा त्यांनी स्वतः खोडला. दीड तासाच्या आसपास चालणाऱ्या रचनेत उरले फक्त दोन! हा संयम आम्हांला त्या घणाहून मोठा वाटतो.

आता लग्नसराईत ऑक्टोपॅडवर एका टिपरीच्या टोकाशी काच फुटते, वीज कडाडते, चाबूक ओढला जातो. कारागिरी आहे, हात चपळ आहे, आम्ही ते नाकारीत नाही. पण नवरदेवाच्या वरातीत वीज कोणावर पडायची असते? सर्व आवाज हाताशी आले की कुठला नको, हे ठरवणे कठीण होते. बँडमास्तरांनी ते ठरवावे. वस्तू मिळेल ती वाजवावी, मात्र ती त्या गाण्याच्या घरातली असावी. पाहुणा म्हणून आलेला आवाज दुसऱ्या दिवशी कुणाला आठवत नाही.