मोडलेला गाल, न दिसणारा खांदा

सॅम बर्जेसची गोष्ट आपण चुकीच्या हाडापासून सांगतो, असं मला वाटतं. २०१४ची सिडनीतली रग्बी लीगची फायनल. पहिल्याच टॅकलमध्ये त्याच्या गालाचं हाड मोडलं, तरी तो पूर्ण ८० मिनिटं खेळला. साउथ सिडनीला ४३ वर्षांनी विजेतेपद मिळालं, सामनावीराचं पदक त्याला. सुजलेल्या चेहऱ्याचा तो फोटो मीही कौतुकाने शेअर केला होता.

पण फॉरवर्डचं काम एका फोटोत मावत नाही. चेंडू घेऊन समोरच्या भिंतीवर धडकायचं, पडायचं, उठायचं. चेंडू गेला की समोरच्यांना अडवायचं. पुन्हा तेच. मध्ये तो रग्बी युनियनमध्ये गेला. २०१५च्या विश्वचषकात इंग्लंड गटातच बाद झालं, खापर बरंचसं त्याच्यावर फुटलं. तो लीगमध्ये परतला आणि २०१९मध्ये, अवघ्या ३०व्या वर्षी, खांद्याच्या दुखापतीमुळे निवृत्त झाला.

गालाची दंतकथा झाली. करिअर संपवलं खांद्याने, आणि त्याचा फोटो कुणाकडेच नाही. आपण ज्याला जिगर म्हणून लाइक करतो, त्याची किंमत पुढे कुणीतरी एकटाच चुकवत असतो. पुढचा असा फोटो शेअर करण्याआधी मी जरा थांबेन.