वजनकाटा, डॉक्टर आणि दात : मराठी तुरुंगलेखनाचे राहून गेलेले वाचन

मराठी तुरुंगलेखनाची परंपरा सांगताना सुरुवात बहुधा आगरकरांच्या 'डोंगरीच्या तुरुंगातील आमचे १०१ दिवस' या पुस्तकापासून होते. ते योग्यच आहे. पण या पुस्तकाचे मूळ कोल्हापुरात आहे, हे आपण एका ओळीत सांगून पुढे जातो. १८८२ साली टिळक आणि आगरकर यांना चार महिन्यांची साधी कैद झाली ती कोल्हापूरचे कारभारी माधवराव बर्वे यांच्या अब्रुनुकसानीबद्दल. 'केसरी' आणि 'मराठा' यांनी ज्या पत्रांच्या आधारे बर्व्यांवर आरोप केले ती पत्रे बनावट निघाली, संपादकांनी माफी मागितली, तरी शिक्षा टळली नाही. टिळकचरित्रांतून आणि आगरकरांवरच्या लेखनातून हे प्रकरण एक राजकीय दीक्षा म्हणून येते. पुढे या दोघांचे फाटले, म्हणून डोंगरीतल्या त्या खोलीला एक हळवी झळाळीही मिळाली आहे.

मला या प्रकरणाकडे दुसऱ्या बाजूने पाहायचे आहे. त्याच्या मुळाशी जो प्रश्न होता तो वैद्यकीय होता. कोल्हापूरचे छत्रपती चौथे शिवाजी महाराज यांना वेड लागले आहे असे ठरवण्यात आले होते. ते वेड खरे की लादलेले, त्यांना औषधोपचार मिळतो आहे की छळ होतो आहे, आणि हे ठरवायचे कोणी, यावरून सारे वादळ उठले. पत्रे खोटी ठरली म्हणून हे प्रश्न खोटे ठरले नाहीत. पुढे महाराजांना अहमदनगरच्या किल्ल्यात ठेवले गेले आणि २५ डिसेंबर १८८३ रोजी, पहाऱ्यावरच्या ग्रीन नावाच्या गोऱ्या शिपायाशी झालेल्या झटापटीनंतर, तेथेच त्यांचा मृत्यू झाला. रुग्ण म्हणून ज्याला ठेवले त्याच्याजवळ शुश्रूषेला माणूस कोणता होता, तर पलटणीतला शिपाई. कोंडलेल्या माणसाच्या उपचाराचा प्रश्न आधुनिक मराठी पत्रकारितेने पहिल्यांदा इतक्या जोराने मांडला तो एका राजाच्या निमित्ताने, आणि तो मांडणारे स्वतः तुरुंगात गेले. या योगायोगाकडे समीक्षेने पाहिलेले नाही.

डोंगरीतून बाहेर पडताना टिळकांचे वजन २४ पौंडांनी आणि आगरकरांचे १६ पौंडांनी घटले होते, अशी नोंद चरित्रांतून सापडते. हे आकडे आपण त्यागाची मोजमापे म्हणून वाचतो. आगरकरांना दमा होता, तो जन्मभर राहिला आणि वयाच्या ३८व्या वर्षी, १८९५ साली ते गेले. असा माणूस कोंदट कोठडीत साडेतीन महिने काढतो तेव्हा त्याचे हॅम्लेटच्या भाषांतरात रमणे आपल्याला दिसते, त्याची छाती दिसत नाही. दोष आगरकरांचा नाही. त्यांनी जागा, जेवण, झोप यांबद्दल मोकळेपणाने आणि विनोदाने लिहिले आहे. आपण तो विनोद वाचून पुढे तत्त्वज्ञानाकडे वळतो.

वजनाची ही नोंद येते कोठून? ती तुरुंगाच्याच दप्तरातून येते. १८९४च्या कारागृह अधिनियमात कलम ३५ असे सांगते की श्रमाच्या कामावर लावलेल्या प्रत्येक कैद्याचे वजन निदान पंधरा दिवसांतून एकदा त्याच्या हिस्टरी तिकिटावर नोंदवावे. हा कायदा एखाद्या साहित्यकृतीसारखा बारकाईने वाचण्याजोगा आहे. कलम १३ डॉक्टरकडे तुरुंगाच्या आरोग्याचा कारभार सोपवते, पण वाक्याची सुरुवातच 'अधीक्षकाच्या नियंत्रणाखाली' अशी आहे. कलम ३७ म्हणते की ज्या कैद्याला डॉक्टरच्या हाताखालच्या माणसाला भेटायचे असेल, किंवा जो आजारी दिसत असेल, त्याचे नाव पहाऱ्यावरच्या माणसाने विनाविलंब जेलरला कळवावे. म्हणजे 'माझे दुखते आहे' हे वाक्य कैद्याच्या तोंडून निघाल्यावर डॉक्टरच्या कानापर्यंत पोचायला आधी शिपाई, मग जेलर अशा दोन पायऱ्या उतरते. आणि कलम ४५मधल्या तुरुंगातील गुन्ह्यांच्या यादीत आजाराचे सोंग करणे हाही एक गुन्हा आहे. ही तीन कलमे एकापुढे एक ठेवली की कैद्याचे दुखणे हे मुळात एक संशयास्पद विधान म्हणून कायद्याने कसे घडवले आहे ते कळते. कलम ३९ प्रत्येक तुरुंगात रुग्णालय किंवा आजाऱ्यांसाठी योग्य जागा असावी असे सांगते, हे न्यायाने नमूद केले पाहिजे. पण त्या जागेचा दरवाजा कोणाच्या हातात आहे ते आधीची कलमे सांगून चुकलेली असतात.

सावरकरांच्या 'माझी जन्मठेप'चा (१९२७) मोठा भाग या तीन कलमांवरचे भाष्य म्हणून वाचता येतो. बारी हा जेलर आपल्या स्मरणात राहतो तो खलनायक म्हणून. मराठी वाचकाला त्याची भाषा, त्याची ऐट, कोलूच्या कामावरची त्याची सक्ती पाठ आहे. माझ्या मते त्या पुस्तकातले अधिक बोचणारे पात्र तुरुंगातला डॉक्टर आहे. तो क्रूर नाही, तो फक्त हाताखालचा आहे. ताप अंगाला हात लावून कळतो, उलटी डोळ्यांना दिसते, पण डोके दुखते किंवा पोटात कळ येते म्हणणारा कैदी सोंगाडा ठरतो, आणि त्याच्या बाजूने लिहायचे तर जेलरची मर्जी सांभाळावी लागते. उल्हासकर दत्त यांना तापात उभ्या बेड्या घातल्या गेल्या, त्यांचे मन ढळले आणि पुढे त्यांना मद्रासच्या वेड्यांच्या इस्पितळात पाठवले गेले. ही हकिकत आपण क्रौर्याची म्हणून वाचतो. ती निदान नाकारले गेल्याचीही आहे. सावरकरांच्या राजकारणाबद्दल कोणाचे काहीही मत असो, मराठीत तुरुंगातल्या दवाखान्याचा इतका तपशील दुसऱ्या कोणी दिल्याचे मला आठवत नाही. त्यांच्या भक्तांनी आणि टीकाकारांनी मिळून तो तपशील वाया घालवला आहे.

याच्या शेजारी १२ जानेवारी १९२४ची रात्र ठेवावी. येरवड्याचे कैदी गांधी यांना अपेंडिसायटिस झाला, त्यांना पुण्याच्या ससून रुग्णालयात हलवले आणि कर्नल मॅडॉक यांनी शस्त्रक्रिया केली. मध्येच वीज गेली, कंदिलाच्या उजेडात काम पुरे झाले. पुढच्या महिन्यात सरकारने त्यांना सोडूनही दिले. हाच सरकारी सर्जन, हेच सरकारी रुग्णालय, आणि तरी उपचार किती तातडीने होऊ शकतो ते दिसले, कारण कैदी मेला तर काय होईल याची सरकारला धास्ती होती. मंडालेत मधुमेही टिळकांना सातूच्या पिठाच्या पथ्यावर राहता आले, त्यातही कैद्याच्या नावाचे वजन होतेच. आपले तुरुंगवाङ्मय प्रामुख्याने अशाच कैद्यांनी लिहिले आहे. साने गुरुजींनी 'श्यामची आई' नाशिकच्या तुरुंगात लिहिली, विनोबांची गीताप्रवचने धुळ्याच्या तुरुंगात झाली. त्या भिंतींच्या आत चोरी-मारामारीच्या आरोपाखाली असलेली माणसेही खोकत होती. त्यांच्या खोकल्याचे पुस्तक झाले नाही.

उलट, औषधशास्त्राला या निनावी कैद्यांचे वावडे नव्हते. जानेवारी १८९७मध्ये मुंबईत प्लेग असताना हाफकिन यांनी आपली लस आधी स्वतःला टोचून घेतली आणि महिनाअखेर भायखळ्याच्या तुरुंगात सुमारे दीडशे कैद्यांना टोचली. न टोचलेल्यांशी तुलना करून लशीचा गुण सिद्ध झाला. कैदी स्वेच्छेने पुढे आले अशी नोंद आहे. प्लेग फैलावलेल्या बराकीतली स्वेच्छा म्हणजे काय, हा प्रश्न त्या नोंदीत मावत नाही. एरवी ज्या शरीराच्या तक्रारीवर विश्वास ठेवायचा नाही, त्याच शरीराच्या निष्कर्षावर मात्र जगाने विश्वास ठेवला.

अलीकडच्या काळात हे लेखन मराठीपेक्षा इंग्रजीत अधिक झाले. नागपूरच्या तुरुंगावरचे अरुण फरेरा यांचे पुस्तक २०१४ साली आले. कोबाड गांधी यांच्या 'फ्रॅक्चर्ड फ्रीडम'च्या मराठी अनुवादाला डिसेंबर २०२२मध्ये राज्य शासनाने पुरस्कार जाहीर केला आणि आठवड्याच्या आत रद्द केला. त्या वादात पुस्तकाची विचारसरणी हिरिरीने चर्चिली गेली. साठी ओलांडलेला माणूस आजारी शरीर घेऊन दहा वर्षे तुरुंगांत कसा राहतो, हा भाग पुरस्कार देणाऱ्यांच्या, काढून घेणाऱ्यांच्या आणि निषेध करणाऱ्यांच्याही बोलण्यात फारसा आला नाही. मला तर वाटते, या काळातले सर्वांत महत्त्वाचे तुरुंगलेखन पुस्तकांत नसून न्यायालयातल्या अर्जांत आहे. कंपवाताने हात थरथरतात म्हणून स्टॅन स्वामींनी तळोजा कारागृहातून स्ट्रॉ आणि सिपरसाठी अर्ज केला. ५ जुलै २०२१ रोजी ते कोठडीतच, मुंबईच्या खासगी रुग्णालयात वारले. गौतम नवलखा यांचा चष्मा हरवला, घरून आलेले पार्सल तुरुंगाने परत पाठवले, आणि मुंबई उच्च न्यायालयाला माणुसकीची आठवण करून द्यावी लागली. पेला, चष्मा. इतक्या लहान वस्तूंभोवती इतकी मोठी यंत्रणा फिरते, हे आपल्या कथाकारांना सुचायला हवे होते.

दात या यादीत येत नाही. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालात २०२२ साली देशातल्या तुरुंगांत १,९९५ मृत्यू झाल्याची नोंद आहे, त्यांतले १,७७३ 'नैसर्गिक'. पुढे हृदय, फुप्फुस, यकृत, क्षय, कर्करोग असे रकाने. दाताने माणूस सहसा मरत नाही, म्हणून त्याला रकाना नाही आणि जामीनही नाही. त्याच वर्षी ४,३६,२६६ जणांच्या जागेत ५,७३,२२० माणसे होती आणि दर चारांतले तीन कच्चे कैदी होते. म्हणजे तुरुंगात दाढ ठणकत असलेला माणूस बहुधा अजून दोषी ठरलेला नसतो.

कोल्हापुरात या गोष्टीचे अंतर चालून मोजता येते. बिंदू चौकातले उपकारागृह ते सीपीआर हे साधारण पंधरा मिनिटांचे पायी अंतर. कळंबा मध्यवर्ती कारागृह शहराच्या दक्षिणेला, तिथूनही गाडीने फार वेळ लागत नाही. पण कैद्याच्या वाटेवर 'कैदी पार्टी' असते, म्हणजे सोबत जाणारे पोलीस. ते निवडणूक, मोर्चा, उत्सव, मंत्र्याचा दौरा यांतून उरतील तेव्हा मिळायचे. किडलेली दाढ वाचवायची तर रूट कॅनॉलसाठी एकापेक्षा अधिक फेऱ्या लागतात, आणि दर फेरीला पुन्हा पार्टी. उपटायला एक फेरी पुरते. त्यामुळे दाढेचे काय करायचे हे दंतवैद्यकाच्या आधी बंदोबस्ताच्या हिशोबाने ठरू लागते. तंबाखू आणि मिश्रीच्या या मुलखात कैदी आत येतो तोच खराब हिरड्या घेऊन. उघडायला कठीण झालेले तोंड, गालातला पांढरा चट्टा या कर्करोगाच्या आधीच्या खुणा असू शकतात, आणि त्या पाहायला बॅटरी आणि दोन मिनिटे लागतात. प्रवेशाच्या वेळी तपासणी करावी असे कलम २४ सांगतेच. जखमा आणि अंगावरच्या खुणा टिपायची त्यात आठवण आहे, तोंड उघडायला लावायचे मात्र लिहिलेले नाही.

संयुक्त राष्ट्रांच्या २०१५च्या नेल्सन मंडेला नियमांत बाहेरच्या समाजाला मिळते त्याच दर्जाची वैद्यकीय सेवा कैद्याला मिळावी, असा नियम क्रमांक २४ आहे. तो वाचून कोल्हापूर जिल्ह्यातला कोणी शेतमजूर विचारेल की मला तरी रूट कॅनॉल कुठे परवडते. हा प्रश्न उडवून लावण्यासारखा नाही. फरक एवढाच, की मजूर दुखरी दाढ घेऊन उसने पैसे मागायला जाऊ शकतो, लवंग चावू शकतो, गावातल्या डॉक्टरच्या दारात बसू शकतो. कैद्याकडून शासनाने हे सगळे पर्याय काढून घेतलेले असतात, म्हणून त्याच्या दाढेची जबाबदारी शासनाकडे येते. कळंब्याच्या कैद्यांनी वळलेले लाडू अंबाबाईचा प्रसाद म्हणून शहराने खाल्ले आहेत. ते वळणारे हात बातमीत आले, फोटोत आले.

आगरकरांच्या पुस्तकाला १४० वर्षे उलटून गेली. त्याच्या नव्या आवृत्तीला कोणी प्रस्तावना लिहिणार असेल तर टिळक-आगरकरांच्या मैत्रीवर पुन्हा एक परिच्छेद नको. चौथ्या शिवाजी महाराजांच्या प्रकृतीबद्दल डॉक्टरांनी काय लिहून ठेवले होते, ते कागद काढून त्या १०१ दिवसांच्या शेजारी छापावेत.