संत्याचं गाव कुणाच्या पैशावर?

'कोरी पाटी प्रॉडक्शन'ची 'गावाकडच्या गोष्टी' ही नितीन पवारांची सातारी वेबमालिका आवडण्याचं माझं कारण साधं आहे. संत्या, बापू, अवध्या जे बोलतात ते टीव्हीवरचं घोटीव 'ग्रामीण' मराठी नाही. आमच्या सातारा-सांगलीकडच्या घराघरांत असंच बोलतात. मालिकेचा खरा कस तिथे आहे. म्हणूनच अशा चॅनेलनी पैसा कुठून आणावा, हा मला निव्वळ हिशेबाचा प्रश्न वाटत नाही.

हिशेब तर सोपा आहे. यूट्यूबवर मोठ्या व्हिडिओच्या जाहिरातींतले ५५ टक्के चॅनेलला मिळतात, तर मेंबरशिपमधले, कर वगैरे वजा जाता, ७० टक्के. २०२३ पासून मेंबरशिपसाठीची सबस्क्रायबरची अट १००० वरून ५०० वर आली. त्यामुळे माझ्यासारखा कोड लिहिणारा माणूस लगेच सांगेल, मेंबरशिप सुरू करा.

पण दरमहा पैसे भरणार कोण? रिचार्जचा डेटा पुरवून पुरवून बघणारा गावातला पोरगा नाही. भरणार मी, हिंजवडीत बसून. आणि मला हवा असतो पहिला पाऊस, चुलीवरची भाकरी, पारावरची थट्टा. थकलेलं ऊसबिल किंवा लग्न न जमणारा तिशीतला शेतकरी मला महिन्याच्या वर्गणीत नको असतो. लेखक माझ्याकडे बघून लिहायला लागला, की गावाची गोष्ट गाव सोडलेल्यांची करमणूक होते.

आपल्याकडे हा प्रश्न जुनाच आहे. संगीतबारीत दौलतजादा करणाऱ्याकडे गाणारी वळते, त्याच्या फर्माइशीची लावणी होते. आजचा सुपर चॅट तोच. याउलट सांगलीजवळच्या कवलापूरचे काळू-बाळू तंबूत तिकिटावर खेळ करायचे. तिकीट काढणाऱ्याला हसायला मिळे, वग बदलून मिळत नसे. तिसरी वाट किर्लोस्करवाडीची. १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी कारखान्याचं 'किर्लोस्कर खबर' काढलं. त्याचं पुढे 'किर्लोस्कर' मासिक झालं, आणि वर्गणीदारांच्या घरात ते रूढींवर टीका करणारे लेख घेऊन जाई. वर्गणी भरणाऱ्याला खुश ठेवणं त्याने बंधनकारक मानलं नाही.

मेंबरशिप ही अशी वर्गणी असावी. मेंबरला भाग दोन दिवस आधी दाखवा, चित्रीकरणाच्या गमती दाखवा, पण मूळ गोष्ट सगळ्यांना खुली ठेवा. जिथे शूटिंग झालं त्या गावालाच शेवटचा भाग कुलूपबंद, हे कसं चालेल?

मर्चंडाइजचंही तसंच. 'मधुराज रेसिपी' मसाले विकते ते शोभतं, कारण मसाला हा त्या कामातूनच आलेला आहे. गोष्ट सांगणाऱ्याने टी-शर्ट विकायला घेतले, की संवादही टी-शर्टावर मावतील असे सुचू लागतात. बापूसारख्या माणसाचं लांबलेलं, वळणं घेत जाणारं बोलणं छातीवर छापता येत नाही. मजा मात्र त्यातच असते.

मी मेंबर व्हायला तयार आहे. माझी अपेक्षा एवढीच, की वर्षातून एखादा भाग असा यावा, जो बघताना माझ्यासारख्या गाव सोडलेल्याला अवघडल्यासारखं होईल.