‘तुम्ही कोण?’ : मसूर स्थानकावरील एका प्रश्नाची समीक्षा

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या ‘वेटिंग फॉर अ व्हिसा’ या आत्मकथनपर टिपणांतील पहिला प्रसंग आपल्या वाचकांना सुपरिचित आहे. १९३५-३६ च्या सुमारास लिहिलेली ही टिपणे पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९९० मध्ये पुस्तिकारूपाने प्रसिद्ध केली. १९०१ च्या सुमारास साताऱ्याहून वडिलांच्या भेटीला गोरेगावकडे निघालेली मुले मसूर स्थानकावर उतरतात, न्यायला कोणीच आलेले नसते आणि पुढे रात्रभर त्यांना पाण्यावाचून राहावे लागते. आपल्याकडे हा प्रसंग बहुधा अन्यायाची हकिकत म्हणून वाचला जातो. ते यथार्थच आहे. तथापि, या हकिकतीत भाषेविषयीचा एक मूलगामी विचार दडलेला आहे व त्याकडे आपण पुरेसे लक्ष दिलेले नाही, असे आम्हांस वाटते.

बाबासाहेब नमूद करतात की, मुलांच्या पोशाखावरून वा बोलण्यावरून ती कोणत्या समाजाची आहेत हे ओळखू येत नव्हते. स्टेशन मास्तरांनी तर त्यांना ब्राह्मणांचीच मुले मानले. मास्तरांच्या वागण्यात तोवर आपुलकी होती. मग त्यांनी रीतीप्रमाणे विचारले, ‘तुम्ही कोण?’ बालभीमरावांनी क्षणाचाही विचार न करता आपल्या जातीचे नाव सांगितले आणि मास्तरांची मुद्रा पालटली. मुले तीच, बोलणे तेच, कपडेही तेच; मध्ये आला तो केवळ एक शब्द.

पुढे टोलनाक्यावर पाणी मागताना गाडीवानाच्या सल्ल्यावरून भीमरावांनी आपण मुसलमान असल्याचे सांगितले आणि संशय राहू नये म्हणून ते उर्दूत बोलले. ती भाषा त्यांना उत्तम येत होती. परंतु या युक्तीनेही पाणी मिळाले नाही.

या दोन्ही घटना एकत्र वाचल्या पाहिजेत. पहिलीत शुद्ध व सभ्य बोलणे माणसाला वाचवू शकले नाही. दुसरीत परकी भाषा पांघरूनही त्याची सुटका झाली नाही. भाषा सुधारली की प्रतिष्ठा मिळते, असे मानणाऱ्यांना आणि नाव बदलले की काम झाले, असे मानणाऱ्यांनाही या प्रसंगाने उत्तर दिले आहे. उत्तर कोणतेही दिले तरी त्याचा अर्थ ठरविण्याचा अधिकार विचारणाऱ्याच्याच हाती होता. दोष उत्तरात नव्हता, प्रश्नात होता.

निवेदनाची रीतही येथे विचारात घेतली पाहिजे. अस्पृश्यता काय असते हे जवळून न पाहिलेल्या परकीयांना ती कळावी, या हेतूने बाबासाहेबांनी इंग्रजीत ही टिपणे लिहिली. त्यांत आक्रोश नाही, विशेषणांची आतषबाजी नाही. दुप्पट भाडे, बैल हाकणारी मुले, बाजूने चालणारा गाडीवान, डबा असूनही पाण्याअभावी न खाल्लेले अन्न, एवढेच सांगून लेखक थांबतो. वाचकाचे मन वळते ते या तपशिलाने. आपल्या आजच्या व्यासपीठांवरील वक्तृत्वाने हा संयम अभ्यासण्यासारखा आहे.

मसूरच्या प्रश्नाला खरे उत्तर कोणते? पालि वाङ्मयाच्या अभ्यासकास येथे सुत्तनिपातातील वासेट्ठसुत्ताचे स्मरण होणे स्वाभाविक आहे. माणूस जन्माने ब्राह्मण होतो की कर्माने, या वादावर तथागत सांगतात की, वनस्पती व प्राणी यांच्यात जातिभेदाची चिन्हे दिसतात, माणसांत ती दिसत नाहीत. माणसामाणसांतला भेद हा नावापुरता, लोकव्यवहाराने ठरलेला आहे. म्हणूनच जो शेती करतो तो शेतकरी आणि जो चोरी करतो तो चोर. तथागतांनी ‘ब्राह्मण’ हा शब्द टाकून दिला नाही. त्याचे मोजमाप बदलले. ‘तू कोणाचा?’ या प्रश्नाच्या जागी त्यांनी ‘तू काय करतोस?’ हा प्रश्न ठेवला.

बाबासाहेबांची शब्दनिवड याच मार्गाने गेलेली दिसते. ‘मूकनायक’ (१९२०), ‘बहिष्कृत भारत’ (१९२७), ‘जनता’ (१९३०) आणि ‘प्रबुद्ध भारत’ (१९५६) ही नियतकालिकांची नावे क्रमाने वाचली तर स्वतःकडे पाहण्याची बदलत गेलेली दृष्टी ध्यानी येते. १९३८ मध्ये मुंबई विधानसभेत ‘हरिजन’ हे नाव कायद्यात घालण्यास विरोध करून त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी सभात्याग केला. दुसऱ्याने दयेपोटी दिलेले नाव त्यांना मान्य नव्हते. आणि अखेरच्या ग्रंथात ‘धम्म’ हा पालि शब्द इंग्रजी शीर्षकातही त्यांनी तसाच ठेवला, कारण रूढ अर्थाच्या ‘धर्मा’हून तो वेगळा आहे, हे त्यांना स्पष्ट करावयाचे होते.

येथवरचे विवेचन आपल्या समाधानाचे आहे. पुढील भाग तितकासा सुखद नाही.

मसूरहून रेल्वेने दक्षिणेस गेले की सांगलीनंतर मिरज लागते. त्या मिरज तालुक्यातील बेडग या गावी जून २०२३ मध्ये बाबासाहेबांच्या नावाची, बांधकाम सुरू असलेली स्वागत कमान पाडण्यात आली आणि जुलैमध्ये तेथील आपले बांधव गाव सोडून मुंबईच्या दिशेने पायी निघाले. कमान म्हणजे गावाच्या वेशीवर लिहिलेले नाव. एका नावाने मुद्रा पालटण्याची रीत सुमारे सव्वाशे वर्षांनंतरही संपलेली नाही, हाच याचा अर्थ होय.

दुसरे उदाहरण अधिक अंतर्मुख करणारे आहे. डिसेंबर २०२० मध्ये राज्य मंत्रिमंडळाने वस्त्यांची जातिवाचक नावे बदलण्याचा निर्णय घेतला. बदलावयाच्या नावांच्या उदाहरणांत ‘महारवाडा’, ‘मांगवाडा’ यांच्या जोडीला ‘बौद्धवाडा’ही होता. जो शब्द आपण जातीतून बाहेर पडण्यासाठी स्वीकारला, तोच व्यवहारात जातिवाचक ठरला. यात गावाचा पूर्वग्रह आहेच. परंतु आपला वाटा किती, हेही विचारले पाहिजे. ‘आम्ही जन्माने बौद्ध’ असे आपण अभिमानाने म्हणतो, तेव्हा आपणही मसूरच्या प्रश्नाला जन्माचेच उत्तर देत असतो.

आणखी एक गोष्ट आम्ही स्वतःसह सर्वांस उद्देशून म्हणतो. विहारांतून त्रिसरण-पंचशील आपण पालीत म्हणतो, परंतु अर्थ किती जणांस ठाऊक असतो? बुद्धवचन वैदिक छंदात घालण्याची परवानगी मागणाऱ्या ब्राह्मणकुलोत्पन्न भिक्खूंना तथागतांनी नकार दिल्याची कथा विनयपिटकाच्या चुल्लवग्गात आली आहे. त्याच मुळे बाबासाहेबांनी नागपुरास बावीस प्रतिज्ञा मराठीत दिल्या, असा दावा आम्ही करीत नाही. परंतु दोहोंमागील दृष्टी एकच आहे. न कळणारे पवित्र शब्द माणसाला पुन्हा पुरोहिताच्या स्वाधीन करतात. पालि शिकविणाऱ्यांनी तर हे प्रथम सांगितले पाहिजे.

तात्पर्य, नाव आवश्यक आहे, परंतु ते पुरेसे नाही. बेडगची कमान उभी राहणे हा हक्काचा प्रश्न आहे आणि त्यावर तडजोड नको. मात्र त्या कमानीखालून जाणाऱ्याला ‘तू कोण?’ असे कोणी विचारले, तर आपले उत्तर आचरणातून यावे, आणि आपणही कोणास जन्म विचारू नये. मसूर स्थानकावरील त्या मुलाने पुढे आयुष्यभर जे केले, त्याचा अर्थ आम्ही असा लावतो.