अवेळचे अन्न : आदिलाबादची पिठले-भाकरी

परमुलुखातील अन्नाविषयी आमचे प्रवासी लिहितात ते बहुधा दोनच प्रकारचे असते. पदार्थ घरच्यासारखा लागला तर स्तुती, नाही लागला तर नाराजी. तो कोणत्या वेळी, कोणाच्या हातून व कोणत्या गरजेपोटी सिद्ध झाला, हे क्वचितच विचारले जाते. आदिलाबादकडील रात्रीच्या पिठले-भाकरीचे परीक्षण करताना मात्र हाच प्रश्न प्रथम विचारावा लागतो.

पैनगंगा ओलांडली की पाट्या तेलुगू होतात. ताटातील अन्न तितक्या लवकर बदलत नाही. १९५६ च्या राज्यपुनर्रचनेत या जिल्ह्यातील किनवट व राजुरा हे तालुके मुंबई राज्यात आले. उरलेला भाग आंध्र प्रदेशात गेला आणि २०१४ पासून तो तेलंगणात आहे. सीमा सरकली, तरी काळ्या जमिनीतील ज्वारीची ओढ दोन्ही तीरांवर राहिली. मराठी घरातील भाकरी शेजारच्या तेलुगू घरात ‘जोन्न रोट्टे’ होते, इतकाच भेद.

आमच्या गोमंतकीय वाचकांस रात्रीचा आधार म्हणजे पेज. उकड्या तांदळाची पेज सावकाश शिजते आणि उशिरा येणाऱ्याची वाट पाहू शकते. पिठले-भाकरीचे तसे नाही. ज्वारीच्या पिठास गव्हाचा चिवटपणा नसतो. म्हणून ते गरम पाण्यात मळून लागलीच थापावे लागते. निवलेल्या भाकरीचा मऊपणा जातो, आणि निवलेले पिठले गोळा होऊन बसते. सारांश, पाहुणा दारात आल्यावर कोणीतरी उठून चूल पेटविल्याखेरीज हे जेवण होत नाही.

मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात सायंकाळी येणाऱ्या अतिथीविषयी सांगितले आहे, की तो वेळेवर येवो वा अवेळी, गृहस्थाच्या घरी त्याने उपाशी राहता कामा नये. घरात भाजी नसताना, डाळीचे पीठ, पाणी व फोडणी एवढ्यावर हा धर्म पाळता येतो, हे या पदार्थाचे खरे मोठेपण होय.

जैनथ येथील लक्ष्मीनारायणाच्या देवळापासून जवळच एका घरी आम्ही हे जेवण बऱ्याच रात्री घेतले. मोहरी, जिरे, हिंग व हिरवी मिरची एवढीच सामग्री. कांदा-लसूण वर्ज्य मानणारासही चालावी अशी. मिरची आमच्या जिभेस अंमळ अधिक वाटली. परंतु त्या तिखटास तव्यावरून उतरलेल्या भाकरीच्या गोडव्याने जो तोल येतो, तो भाताने येत नाही. याउलट नागपूर-हैदराबाद हमरस्त्यावरील काही धाब्यांत पिठल्यावर तेलाचा तवंग व लसणाचा भडिमार असतो, आणि भाकऱ्या आधीच भाजून रचलेल्या असतात. ‘अस्सल’ म्हणून जे वाढले जाते, त्यातून नेमके ताजेपणच वगळले जाते.

हा केवळ रुचीचा प्रश्न नव्हे. १९८३ मध्ये तत्कालीन आंध्र प्रदेशात दोन रुपये किलोने तांदूळ देण्याची योजना आली. शेतांत ज्वारीची जागा कापसाने घेतली. स्वस्त तांदळाने गरिबाची भूक भागली, हे मान्य केलेच पाहिजे. पण ज्वारी घरातून गेली, तर भाकरी थापणारा हातही कालांतराने जाईल, आणि धाब्यावरचे पिठले तेवढे तिची आठवण म्हणून उरेल.

या पदार्थास ‘साधे जेवण’ म्हणण्याची आमच्या लेखकांस सवय आहे. आमच्या मते हे विशेषण चुकीचे आहे. सामग्री साधी आहे. परंतु मध्यरात्री झोपेतून उठून पीठ मळण्याचे कष्ट साधे नव्हेत, आणि ते बहुधा घरातील स्त्रीच्याच वाट्यास येतात. प्रवाशाने चवीविषयी अवश्य लिहावे. मात्र चूल कोणी पेटविली, हे लिहिल्यावाचून त्याचे परीक्षण पुरे झाले असे आम्ही मानणार नाही.