‘स्मृतिचित्रे’तील खिन्नता आणि ख्रिस्ती श्रद्धा : एक चिकित्सा

प्रस्तावना :
लक्ष्मीबाई टिळक (१८६८-१९३६) यांचे ‘स्मृतिचित्रे’ हे आत्मचरित्र १९३४ ते १९३६ या काळात चार भागांत प्रसिद्ध झाले. मराठी समीक्षेने त्यातील विनोद, निरागसता आणि धर्मांतराची कहाणी यांची भरपूर दखल घेतली. त्या तुलनेत हसऱ्या निवेदनाखालून वाहणारे मनाचे अस्वास्थ्य उपेक्षित राहिले. श्रद्धा आणि खिन्नता एकाच मनात नांदू शकतात काय, या प्रश्नाच्या अनुषंगाने प्रस्तुत लेखात या ग्रंथाचा विचार केला आहे.

विवेचन :
ग्रंथाचा आरंभच एका दुखावलेल्या मनापासून होतो. १८५७ च्या धामधुमीत आजोबांना फाशी झाली आणि त्या धक्क्यानंतर वडिलांना सोवळ्याने पछाडले. लक्ष्मीबाई ही हकिकत विनोदाने सांगतात. पण त्यापायी घरच्यांना काय सोसावे लागले, तेही लपवीत नाहीत.

रेव्ह. नारायण वामन टिळक (१८६१-१९१९) यांच्या चित्रणातही हीच दृष्टी दिसते. १० फेब्रुवारी १८९५ रोजी त्यांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. धर्मांतराच्या रूढ कथेत येथे अशांत मनाला विसावा मिळतो. लक्ष्मीबाईंचे टिळक मात्र बाप्तिस्म्यानंतरही तेच तापट, उदार आणि अस्वस्थ टिळक राहतात. या अस्वस्थतेला आजच्या वैद्यकीय परिभाषेत नैराश्य म्हणणे धाडसाचे ठरेल; तथापि श्रद्धेने स्वभावाची घडण पुसली जात नाही, एवढे त्यावरून निश्चित दिसते. स्वतः लक्ष्मीबाईंनी पतीच्या धर्मांतरानंतर विरहाची वर्षे काढली आणि १९०० साली बाप्तिस्मा घेतला. तो दुःखावरचा उतारा म्हणून नव्हे, तर जातिभेदाविषयीचे विचार हळूहळू पालटत गेल्यामुळे.

टिळकांच्याच घरी बालकवी ठोमरे (१८९०-१९१८) पुत्रवत वावरले. त्यांच्या ‘औदासीन्य’ या कवितेतील अनामिक उदासीला रसिकांनी काव्यगुण मानले. श्रद्धावंताच्या उदासीकडे मात्र पुष्कळदा प्रार्थनेतील उणीव म्हणून पाहिले जाते. या दुटप्पीपणाला खुद्द पवित्र शास्त्रात आधार नाही. मरण मागणाऱ्या एलीया संदेष्ट्याला दोषारोप नव्हे, तर आधी झोप आणि अन्न मिळते. ८८ वे स्तोत्र तर अंधारातच संपते. इंग्रज कवी विल्यम कूपर (१७३१-१८००) याने आपण देवाने टाकलेले आहोत, या भयात आयुष्याचा मोठा भाग काढला; तरीही त्याची गीते चर्चमध्ये गायिली गेली.

‘स्मृतिचित्रे’ची मर्यादाही येथेच आहे. दुःख खोलवर जाऊ लागले की लेखिका पुढच्या आठवणीकडे वळते. त्यामुळे वेदनेची नोंद होते, चिंतन अपुरे राहते. परंतु याच संयमामुळे दुःखाचे प्रवचन होत नाही, हेही मान्य करावे लागते.

समारोप :
कोल्हापुरात १८५२ पासून मिशनकार्याची परंपरा आहे. राजारामपुरीसारख्या भागातील महाविद्यालयीन वर्गात हा ग्रंथ शिकविला जातो, तेव्हा समोर एखादा खिन्न, श्रद्धाळू विद्यार्थी असू शकतो. धर्मांतराने सारे दुःख सरले, असा अर्थ त्याच्यापुढे मांडणे ग्रंथाला धरून नाही आणि त्या विद्यार्थ्याच्या हिताचेही नाही. खिन्नता हा श्रद्धेचा पराभव नव्हे. अशा वेळी प्रार्थनेबरोबर वैद्यकीय उपचार घेण्यातही अश्रद्धा नाही. ‘स्मृतिचित्रे’ हे तत्त्व म्हणून सांगत नाही. पण अस्वस्थ माणसांना घरातून वा श्रद्धेतून वजा न करता त्यांची चित्रे रेखाटते. या ग्रंथाचे मोल ठरविताना त्यातील विनोदाइतकेच या स्वीकारशीलतेलाही स्थान द्यावे लागेल.