शालेय प्रार्थनेची भाषा : एक विचार

वाईस कृष्णाबाईच्या उत्सवात घाटावर कीर्तन उभे राहते, तेव्हा श्रोता आपण होऊन येतो व मन न रमल्यास उठून जातो. शाळेत प्रार्थनेच्या रांगेत उभ्या असलेल्या मुलास ही मोकळीक नसते. धार्मिक गीताची चिकित्सा करताना शब्दांइतकेच या परिस्थितिभेदाकडेही लक्ष देणे अगत्याचे आहे. साने गुरुजींची ‘खरा तो एकचि धर्म’ ही रचना महाराष्ट्रातील अनेक शाळांत गायिली जाते. तिच्या आधारे हा प्रश्न तपासता येईल.

व्याकरणदृष्ट्या पाहता ही रचना रूढ अर्थाने प्रार्थनाच नव्हे. आरतीत देवतेचे नाव असते, तिला संबोधन असते आणि बहुधा मागणेही असते. येथे तिन्ही नाहीत. ईश्वराचा निर्देश एका सामान्यनामाने, आणि तोही तृतीय पुरुषात, येतो. कडव्यांच्या अखेरीची क्रियापदे विध्यर्थी असून कर्ता अध्याहृत आहे. त्यामुळे गाणारा प्रत्येक जण कर्त्याची जागा घेऊ शकतो. ‘धर्म’ हा शब्दही उपासनापंथ या अर्थी न येता आचरण या अर्थी येतो. पंढरपूरचे विठ्ठलमंदिर अस्पृश्य मानलेल्यांस खुले व्हावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात उपोषण करणाऱ्या लेखकाच्या जीवनाशी हा अर्थ सुसंगतच आहे.

एवढ्यावरून ही रचना सर्वांस सारखीच स्वीकार्य ठरते, असा निष्कर्ष मात्र निघत नाही. निरीश्वरवादी घरातील मुलास ते एक सामान्यनामही अडू शकेल. संविधानाच्या २८ व्या अनुच्छेदाने शासनमान्य वा अनुदानित शाळेतील उपासनेस उपस्थित राहणे विद्यार्थ्याच्या, व तो अज्ञान असल्यास पालकाच्या, संमतीवर सोपविले आहे. राष्ट्रगीताच्या वेळी आदराने उभे राहून न गाणाऱ्या केरळातील तीन मुलांना शाळेतून काढणे सर्वोच्च न्यायालयाने १९८६ मध्ये अवैध ठरविले. जो न्याय राष्ट्रगीतास, तो प्रार्थनेस अधिकच लागू व्हावा.

एका स्वरात गाण्याने शिस्त व आपलेपणा वाढतो, हा शिक्षकांचा युक्तिवाद प्रस्तुत लेखकासही मान्य आहे. परंतु आपलेपणा सक्तीने येत नाही. कोणासही हीन न मानण्याची शिकवण देणाऱ्या गीतासाठी गप्प राहणाऱ्या मुलास वर्गापुढे उभे करणे, म्हणजे त्या गीताचाच अर्थ मोडणे होय. विध्यर्थातील ‘गावे’ हे आज्ञार्थातील ‘गा’ होऊ नये, एवढे भान शाळांनी राखावे.